हिरड्यांचा आजार आत्ता चालू आहे की थांबलाय, हे लाळ सांगू शकते का?

नॉर्वेचे दंतसंशोधक हाराल्ड लोए यांनी १९७० साली श्रीलंकेच्या चहामळ्यांत काम करणाऱ्या ४८० तमिळ मजुरांचे दात तपासायला सुरुवात केली. हे सगळे पुरुष होते, वयं १४ ते ३१. ब्रश, पेस्ट, दातांचे डॉक्टर यांच्याशी त्यांचा संबंध आलेला नव्हता. जवळजवळ प्रत्येकाच्या दातांवर कीट साचलेला आणि हिरड्या सुजलेल्या. पुढची पंधरा वर्षं हीच माणसं पुन्हा पुन्हा तपासली गेली आणि १९८६ साली निष्कर्ष छापून आले. सुमारे ८ टक्के लोकांमध्ये दातांचा आधार झपाट्याने खचत गेला. चाळिशी-पंचेचाळिशीपर्यंत तो सरासरी १३ मिलिमीटर गेला होता, म्हणजे जवळपास दाताच्या मुळाच्या लांबीइतका. ८१ टक्के लोकांमध्ये तो मध्यम गतीने खचला. उरलेल्या ११ टक्क्यांच्या हिरड्या मात्र सुजलेल्या राहूनही आतला आधार जवळपास शाबूत राहिला.

या माणसांना त्या काळात उपचार मिळाले नाहीत, नुसतं निरीक्षण झालं. आज कुठल्याही नैतिक समितीने अशा अभ्यासाला परवानगी देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. पण त्यांच्या तोंडांनी जगाला जे शिकवलं, ते विसरूनही चालणार नाही. घाण सारखीच, काम सारखं, मळाही तोच. तरीही एकाचे दात पडतात आणि शेजारच्याचे टिकतात. जंतूंशिवाय आजार सुरू होत नाही हे खरं, पण तो किती वेगाने दात पाडेल हे बऱ्याच अंशी जंतूंना उत्तर देणारं आपलं शरीर ठरवतं. आणि शरीर हे उत्तर प्रथिनांच्या रूपाने देतं. ही प्रथिनं हिरडीतून पाझरतात, लाळेत उतरतात आणि मोजता येतात.

आपल्याकडे सगळे ज्याला पायरिया म्हणतात त्या आजाराची ही गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे १९ टक्के प्रौढांना हा आजार तीव्र स्वरूपात आहे, म्हणजे शंभर कोटींहून अधिक माणसांना. दुखत नसल्यामुळे तो लक्षात येत नाही. दाढ किडली की माणूस रात्रभर तळमळतो, पण पायरियाने हाड झिजत असताना शांत झोपतो.

दात धरून ठेवतं कोण?

दात हाडात रुतून बसलेला असतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचा धाग्यांचा थर असतो. हे धागे मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे. एका टोकाला ते मुळात शिरलेले, दुसऱ्या टोकाला हाडात. दात या धाग्यांवर टांगलेला असतो, म्हणूनच चावताना तो किंचित दबतो आणि पुन्हा जागेवर येतो.

दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे एक बारीक खाच असते. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर खोल. घासताना या खाचेच्या कडेला जो चिकट थर राहतो तो प्लाक, म्हणजे जंतूंची दाट वस्ती. हाराल्ड लोए यांनीच १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्‌हूस इथे १२ निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला सांगितलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर सूज उतरली. या पहिल्या पायरीवरून माणूस पूर्ण परत येऊ शकतो.

दुसऱ्या पायरीवरून मात्र तसं परत येता येत नाही. सूज खोलवर गेली की धागे तुटतात, खाच खोल होऊन तिचा खिसा बनतो. डॉक्टर त्याला पॉकेट म्हणतात. मग हाड खाली सरकतं. गेलेलं हाड बहुतेक वेळा आपोआप परत येत नाही, आणि सगळी धडपड उरलेलं वाचवण्यासाठी असते. इथेच खरा प्रश्न उभा राहतो: समोर बसलेल्या माणसाचं हाड या महिन्यात झिजतंय, की पाच वर्षांपूर्वी झिजून आता थांबलंय?

डॉक्टरकडे याचं उत्तर शोधायला मुख्यतः दोन साधनं असतात. एक म्हणजे प्रोब, खुणा केलेली बोथट टोकाची बारीक सळई. ती हलक्या हाताने हिरडीत सरकवून खोली मोजतात, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी. २८ दात धरले तर १६८ मोजमापं होतात. दुसरं साधन एक्स-रे. दोन्ही आवश्यक आहेत, त्यांना पर्याय नाही. पण दोन्ही झालेलं नुकसान दाखवतात. एक्स-रेवर फरक डोळ्यांना दिसण्यासाठी त्या जागेच्या हाडातलं ३० टक्के किंवा त्याहून जास्त खनिज आधीच गेलेलं असावं लागतं. प्रोबचं मोजमाप हाताच्या दाबाप्रमाणे एखादा मिलिमीटर मागेपुढे होतं, शिवाय सुजलेल्या मऊ हिरडीत सळई खऱ्या तळापेक्षाही खोल घुसते.

त्यात भर म्हणजे हा आजार संथ एका गतीने पुढे जातोच असं नाही. सिगमंड सॉक्रन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली मांडलं की तो झटक्यांनी पुढे सरकतो. एखाद्या दाताजवळ काही काळ धडाक्याने नासधूस होते, मग दीर्घकाळ शांतता. चौकटीच्या लाकडात किड्याने पाडलेली भोकं पाहून आत किडा आज आहे की नाही हे कळत नाही. खाली जमिनीवर ताजा भुसा पडलेला दिसला तर कळतं. प्रोब आणि एक्स-रे ही भोकं मोजतात. प्रथिनांची चाचणी भुसा शोधते.

राखणदाराच्या हातातली कात्री

दात आणि हिरडी यांच्यातल्या खाचेत सतत अगदी थोडा द्राव पाझरत असतो. निरोगी हिरडीत तो एका मायक्रोलिटरहूनही कमी, सूज आली की कितीतरी वाढतो. हा द्राव रक्तातून आणि हिरडीच्या पेशींतून आलेला असल्याने आत काय चाललंय याची खबर त्यात असते. गाळण कागदाची इवलीशी पट्टी साधारण अर्धा मिनिट खाचेत ठेवून तो टिपता येतो. शेवटी तोच द्राव लाळेत मिसळतो.

या द्रावातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं प्रथिन म्हणजे एमएमपी-८, कोलॅजेनसारखी प्रथिनं कापणाऱ्या एमएमपी नावाच्या एन्झाइम-घराण्यातलं एक. या घराण्याचा शोध फार सुंदर प्रश्नातून लागला. बेडकाच्या पिल्लाला शेपूट असते, मोठा होताना ती नाहीशी होते. ती गळून पडत नाही, मग जाते कुठे? १९६२ साली जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी अशा शेपटीचे तुकडे कोलॅजेनच्या थरावर ठेवले आणि थर विरघळलेला पाहिला. शेपटीच्या पेशी कोलॅजेन कापणारं एन्झाइम तयार करत होत्या. माणसात या घराण्याची २३ एन्झाइम आहेत आणि ती वाईट नाहीत. जखम भरताना, गर्भाची वाढ होताना जुनं काढून नवं बसवायला ती लागतातच.

एमएमपी-८ मुख्यतः न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींत साठवलेलं असतं. जंतूंवर सगळ्यात आधी तुटून पडणाऱ्या याच पेशी. साठवलेलं एन्झाइम निष्क्रिय असतं, त्याच्या कापणाऱ्या भागावर प्रथिनाचाच एक तुकडा झाकणासारखा बसलेला असतो. पेशीने ते बाहेर सोडल्यावर हे झाकण उडतं. कधी न्यूट्रोफिलांनीच सोडलेल्या तीव्र रसायनांमुळे, कधी ट्रेपोनेमा डेंटिकोलासारख्या जंतूंच्या एन्झाइममुळे. कोलॅजेनचा तीन पदरी पीळ इतका घट्ट असतो की साध्या एन्झाइमला तो तुटत नाही. एमएमपी-८ तो एका ठराविक जागी कापतं, पाऊण आणि पाव अशा दोन तुकड्यांत. एकदा हा काप बसला की पीळ उलगडतो आणि उरलेलं काम इतर एन्झाइम पूर्ण करतात.

एरवी शरीराकडे यावर लगाम असतो. टिंप नावाची प्रथिनं एमएमपीला धरून ठेवतात. पायरियात हा तोल जातो. जंतू हटत नाहीत, न्यूट्रोफिल येत राहतात, कात्र्या वाढत जातात, आणि ज्या धाग्यांवर दात टांगलेला आहे तेच कापले जातात. म्हणून नुसतं एमएमपी-८ किती, यापेक्षा झाकण उडालेलं, म्हणजे सक्रिय एमएमपी-८ किती, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठातले टिमो सोर्सा आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं हेच सांगत आले आहेत.

हे प्रथिन नुसतं साक्षीदार नाही, आरोपीही आहे. मग त्यालाच रोखलं तर? अमेरिकेतले लॉर्न गोलब यांनी दाखवलं की टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविकं जंतूंना मारण्याखेरीज कोलॅजेन कापणाऱ्या एन्झाइमलाही अडवतात. त्यातून डॉक्सिसायक्लिनचा २० मिलिग्रॅमचा, जंतू न मारणारा डोस तयार झाला आणि १९९८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तो नेहमीच्या उपचारात न वापरण्याचा सल्ला दिला आहे, कारण मिळणारा फायदा महिनोन्‌महिने गोळी घेण्याच्या तोट्यापुढे पुरेसा वाटला नाही. तेव्हा हे वाचून कुणी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत, ही कळकळीची विनंती.

एमएमपी-८ च्या जोडीला इतरही प्रथिनं मोजली जातात. इंटरल्यूकिन-१ बीटा सूज पेटवणारा संदेश पोहोचवतं. कॅल्प्रोटेक्टिन न्यूट्रोफिलांमध्ये भरपूर असतं आणि जंतूंना लागणारं जस्त, मँगनीज त्यांच्यापासून पळवतं. आतड्याच्या दाहासाठी शौचाच्या नमुन्यात डॉक्टर जे कॅल्प्रोटेक्टिन तपासतात, तेच हे. रँकल नावाचं प्रथिन हाड खाणाऱ्या पेशी तयार करायला सांगतं आणि ऑस्टिओप्रोटेजेरिन त्याला मध्येच अडवतं. या दोघांचं प्रमाण बिघडलं की हाड झिजतं. हाडं ठिसूळ होण्यावर दिलं जाणारं डेनोसुमॅबचं इंजेक्शन याच रँकलला रोखतं. आणि आयसीटीपी म्हणजे हाडातलं कोलॅजेन तुटताना सुटणारा प्रत्यक्ष तुकडा. कागदावर हा सगळ्यात थेट पुरावा, पण त्याचं प्रमाण इतकं कमी असतं की दवाखान्यातल्या खुर्चीशेजारी ते मोजणं अवघड.

जुन्या प्रयत्नांतला एक आवर्जून सांगायला हवा. नव्वदच्या दशकात एएसटी या एन्झाइमवर आधारलेल्या चाचण्या बाजारात आल्या होत्या. पेशी मेल्या की हे एन्झाइम बाहेर पडतं. यकृताच्या रक्तचाचणीतही हेच पाहतात. पण साध्या सुजेतही पेशी मरतातच. चाचणी सूज ओळखायची, हाडाची झीज चालू आहे का ते सांगू शकायची नाही. त्या चाचण्या टिकल्या नाहीत, आणि नवी चाचणी पाहताना पहिला प्रश्न कोणता विचारायचा तो शिकवून गेल्या.

खळखळून थुंकायचं, मग पाच मिनिटं थांबायचं

आज उपलब्ध असलेली सगळ्यात परिचित चाचणी जर्मनीत तयार होते, नाव पेरिओसेफ. आधी साध्या पाण्याने चूळ भरायची, थोडं थांबायचं, मग थोडं शुद्ध पाणी अर्धा मिनिट तोंडात खळखळवून एका छोट्या कपात थुंकायचं. त्यातले काही थेंब पट्टीवर. तंत्र कोविडच्या घरगुती चाचणीचंच: पट्टीवर प्रतिपिंडं बसवलेली असतात आणि सक्रिय एमएमपी-८ पुरेसं असेल तर रेष उमटते. सीमा आहे मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. रेष डोळ्यांनी पाहता येते किंवा वाचक यंत्रात घालून आकडा घेता येतो. सुई नाही, हिरडीला स्पर्श नाही. हिरड्यांपर्यंत कधीच न पोहोचणाऱ्या मधुमेहाच्या किंवा हृदयविकाराच्या डॉक्टरलाही ही चाचणी करता येईल.

चाचणी दातांच्या इम्प्लांटसाठीही वापरतात. इम्प्लांटभोवती नैसर्गिक दातासारखे धागे नसतात, सूज खाली लवकर उतरते, आणि धातूचं काही टोचायला डॉक्टर जरा बिचकतात. अशा वेळी त्या एकाच जागेचा द्राव तपासणं सोयीचं.

मग सगळ्यांनी ही चाचणी लगेच करून घ्यावी का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि कारण गणितात आहे.

समजा एखादी चाचणी १०० रोग्यांपैकी ८० ओळखते आणि १०० निरोगी माणसांपैकी २० जणांना चुकून रोगी ठरवते. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेत. आता १००० माणसं तपासू, त्यातल्या १९० जणांना तीव्र आजार आहे असं धरू. चाचणी १५२ जणांना बरोबर पकडेल, ३८ सुटतील. उरलेल्या ८१० निरोगी माणसांपैकी १६२ जणांच्या पट्टीवर उगाच रेष उमटेल. म्हणजे रेष आलेल्या ३१४ जणांपैकी निम्म्याहून जास्त निरोगीच! एकाच वेळच्या एकाच आकड्यावरून कुणालाही रोगी म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

शिवाय चूळ म्हणजे सगळ्या तोंडाची बेरीज. नेमका कोणता दात, हे ती सांगत नाही. ज्यांचे बरेच दात आधीच पडलेत त्यांचा आकडा कमी दिसू शकतो, कारण द्राव पाझरणाऱ्या जागाच कमी उरलेल्या असतात. २०१८ पासून जगभर वापरात असलेल्या पायरियाच्या वर्गीकरणात तीव्रतेच्या चार पायऱ्या आणि वेगाच्या तीन श्रेणी आहेत. वेग ठरवताना धूम्रपान आणि मधुमेहाचे आकडे धरले जातात. लाळ, द्राव आणि रक्तातल्या प्रथिनांसाठीही जागा राखून ठेवली आहे, पण तिथे अजून कोणताही आकडा लिहिलेला नाही. पुरावा पुरेसा झाला की तो भरला जाईल. तो न भरण्यातला प्रामाणिकपणा मला महत्त्वाचा वाटतो.

तंबाखूचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आत हाड झिजत असतं आणि बाहेरून हिरडी बरी दिसते. न्यूट्रोफिलांचं वागणंही तंबाखूने बदलतं, त्यामुळे प्रथिनांचा आकडाही फसवू शकतो. महाराष्ट्रात अजून कितीतरी घरांत, विशेषतः बायका, सकाळी मिश्री लावतात आणि त्यालाच दात घासणं समजतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. ती थेट हिरडीवर चोळली जाते, हिरडी तिथून खाली सरकते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. अशा व्यक्तीची चाचणी चांगली आली तरी त्यावर निर्धास्त राहू नये.

प्रथिनांच्या चाचणीची खरी ताकद दिसते ती एकाच माणसात, उपचारांनंतर, पुन्हा पुन्हा मोजण्यात. तिथे माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. मुळापर्यंत खोल सफाई केल्यावर सक्रिय एमएमपी-८ काही आठवड्यांत उतरायला हवं. उतरलं, आणि खाचेतून रक्तही येत नसेल, तर त्या माणसाला सहा महिन्यांनी बोलावता येईल. उतरलंच नाही, किंवा उतरून पुन्हा चढलं, तर कुठेतरी खिसा नीट साफ झालेला नाही, घासणं कमी पडतंय, किंवा साखर ताब्यात नाही. अशा माणसाला तीन महिन्यांच्या आत परत बोलवावं. हाड गेल्यावर एक्स-रेत दिसणार होतं, ते हाड जाण्याआधी कळण्याची ही शक्यता आहे.

साखरेचा उल्लेख उगाच केला नाही. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा रक्तचाचणीचा आकडा, ७ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर पायरिया सगळ्यात वेगवान श्रेणीत धरला जातो. उलट दिशेनेही नातं आहे: हिरड्यांवर उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ च्या आसपास उतरल्याचं अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. मधुमेहाच्या दवाखान्यात पायाची आणि डोळ्यांची तपासणी होते तशी हिरड्यांचीही व्हायला हवी, आणि त्यासाठी चूळ भरण्याची चाचणी सगळ्यात सोपं दार ठरू शकेल असं मला वाटतं.

तोवर जवळच्या दवाखान्यात ही पट्टी मिळत नसेल, तर काय करावं? पुढच्या वेळी स्केलिंगला, म्हणजे दात साफ करून घ्यायला, जाल तेव्हा डॉक्टरांना सहा ठिकाणांची खोली मोजून तक्ता लिहून द्यायला सांगा. कुठे ४ मिलिमीटरच्या वर गेलंय आणि कुठल्या जागी रक्त आलं, दोन्ही त्यात हवं. रक्त येणं म्हणजे हाड नक्की झिजतंय असं नाही, पण पुन्हा पुन्हा तपासूनही रक्त न येणारी जागा बहुधा स्थिर असते, हा भरवशाचा संकेत आहे. स्केलिंगनंतर दात सैल वाटले तर घाबरू नका: आधीच आधार गेलेला असतो, फक्त साचलेल्या टार्टरने, म्हणजे दगडासारख्या कडक झालेल्या प्लाकने, ते जखडलेले होते. टार्टर निघाला, सूज उतरली की फटी दिसू लागतात. तो तक्ता एक्स-रेबरोबर जपून ठेवा आणि डॉक्टर बदलले तरी नव्या डॉक्टरांसमोर ठेवा.